मॅकबेथचं वकीलपत्र

मॅकबेथचा चांगला प्रयोग बघून आले की रात्री मला झोप येत नाही. भीतीने नव्हे, आनंदाने. घरी पाहुणा आलेल्या म्हाताऱ्या राजाला झोपेत भोसकलेलं, जिवाभावाच्या मित्राला वाटेत गाठून मारलेलं, एका आईला लेकरांसकट कापलेलं अनुभवायचं, आणि बाहेर पडून मातीच्या भांडातला चहा पिताना ओळखीच्या-अनोळखीच्या माणसांना ‘काय काम केलंय त्यानं!’ म्हणत सुटायचं, असं माझं लग्न होऊन कोलकात्यात आल्यापासून चालू आहे. वय झालं तसं वेड कमी होईल असं घरच्यांना वाटत होतं. उलट ते वाढलं. आणि वेडाबरोबर एक प्रश्नही वाढत गेला, तो आता मला मांडायचा आहे.

मी मूळची सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या गावात नाटकाचं वेड लागायला वेगळं काही करावं लागत नाही. शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ वडिलांनी आम्हा भावंडांना वाचून दाखवला होता, तोही आवाज बदलून. पुढे यांच्या जिऑलॉजिकल सर्व्हेतल्या नोकरीपायी कोलकात्याला बिऱ्हाड केलं. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीत मराठी नाटकं व्हायची. ती मी मनापासून बघितली, दोनचारदा तोंडाला रंगही लावला. पण शेक्सपिअर बघायचा तर बंगाल्यांकडेच जायला हवं, हे मला पहिल्या वर्षातच कळलं.

या शहरात शेक्सपिअर गावदैवतासारखा आहे. त्याच्या नावाचा रस्ता आहे. पूर्वीच्या थिएटर रोडचं १९६४ मध्ये शेक्सपिअर सरणी झालं. पार्क स्ट्रीटवर आज जिथे सेंट झेवियर्स कॉलेज आहे तिथे साँ सूसी नावाचं साहेबांचं नाट्यगृह होतं. १८४८ च्या ऑगस्टमध्ये तिथे वैष्णवचरण आढ्य नावाचा बंगाली माणूस गोऱ्या नटांच्या मेळ्यात ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. उत्पल दत्त जेफ्री केंडलच्या फिरत्या कंपनीत शिकून तयार झाले. सौमित्र चॅटर्जींनी पंचाहत्तरीला आल्यावर, २०१० मध्ये, मिनर्व्हात राजा लिअर केला, तेव्हा तिकिटासाठी किती जणांची मनधरणी केली ते मी सांगत बसत नाही. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, की पोटात जे होतं ते अजून तसंच होतं.

त्यातही मॅकबेथ माझा. आणि मॅकबेथमधली ती थाप. राजाचा खून आपल्यासमोर होतच नाही, तो आत होतो. रंगमंचावर फक्त बायको कान देऊन उभी असते. मग तो बाहेर येतो, दोन्ही हातांत कट्यारी तशाच. ती त्याच्या हातातून हिसकावून घेते आणि परत ठेवायला आत जाते. तो एकटा उरतो आणि दारावर थाप पडते. कोण आलंय, काही माहीत नाही. थाप पुन्हा पडते. मी हा प्रवेश वेगवेगळ्या संस्थांचा, वेगवेगळ्या भाषांत पाहिला आहे. कुणी नगारा वापरला, कुणी विंगेतल्या फळीवर नुसती मूठ आपटली. दरवेळी त्या थापेला माझं अंग शहारतं, कारण त्या क्षणी दार उघडू नये असं मला वाटत असतं. म्हणजे खुनी पकडला जाऊ नये असं वाटत असतं. मी, जिनं आयुष्यात झुरळ मारायलाही यांना हाक मारली.

या वाटण्याचं काय करायचं? दुष्टाला शेवटी शासन होतं म्हणून समाधान मिळतं, असं शाळेत शिकवतात. मला ते कधी पटलं नाही. बायकालेकरं गमावलेला मॅकडफ तलवार घेऊन येतो तेव्हा मला समाधान होत नाही, गलबलून येतं. मनातले विकार वाहून जातात म्हणून बरं वाटतं, असं अभ्यासक म्हणतात. माझ्यातून काहीही वाहून जात नाही. घरी येते तेव्हा जाताना होतं त्यापेक्षा जास्त काहीतरी माझ्याबरोबर असतं.

प्रश्नाला टोक आलं ते एका रंगपटात. दक्षिण कोलकात्यातल्या एका हौशी संस्थेचा मॅकबेथ होता, लेडी मॅकबेथ करणारी मुलगी आमच्या शेजारच्या बौदींची, म्हणजे वहिनींची, भाची. दिवसा शाळेत भूगोल शिकवणारी. प्रयोगाआधी तिला खाऊचा डबा द्यायला बौदींबरोबर मीही आत गेले. आपल्याकडे नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो. इथल्या रंगपटांत भिंतीवर रामकृष्ण परमहंसांची, म्हणजे इथल्यांच्या ठाकूरांची, तसबीर असते. जास्वंदीचा हार, खाली उदबत्ती. एकेक नट पुढे येऊन तसबिरीला हात जोडत होता आणि मेकअपला बसत होता. मॅकबेथ आला, नमस्कार करून गेला. मारेकरी आले, त्यांनीही केला. मुलीने पदर डोक्यावर घेऊन डोकं टेकलं, आणि मग टेबलाशी बसून वाटीतल्या रक्ताचा रंग नीट आहे का ते मनगटावर लावून बघितलं.

रक्त म्हणजे अळता होता. इथल्या बायका सणासुदीला पायांना लावतात तो, बाटलीतला. पैसे वाचवायला त्यांनी तोच वापरला होता. प्रयोग छान झाला. नंतर आत गेले तर ती खोबरेल तेल लावून हात चोळत बसली होती. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांवरच्या रेघा, तळव्यावरची आयुष्यरेषा, सगळं लाल. अळता तो, दोन दिवस जात नाही. सोमवारी शाळेत मुलांनी विचारलं, मिस, तुमच्या घरी लग्न होतं का? मी तिला रंगपटातच विचारलं होतं, ‘खून करायला जाण्याआधी ठाकूरांना नमस्कार कशासाठी गं?’ ती म्हणाली, ‘मासिमा, एकटीनं जायला भीती वाटते म्हणून.’

ही तसबीर तिथे आली कशी, ते बंगाल्यांना सांगावं लागत नाही, आपल्याला सांगायला हवं. २१ सप्टेंबर १८८४ ला रामकृष्ण दक्षिणेश्वराहून बीडन स्ट्रीटवरच्या स्टार थिएटरात ‘चैतन्यलीला’ बघायला आले. नाटक गिरीशचंद्र घोषांचं. चैतन्यांच्या भूमिकेत बिनोदिनी दासी होती, वेश्यावस्तीतून आलेली. परमहंसांना भावसमाधी लागली. कसं वाटलं असं विचारल्यावर ते म्हणाले, अस्सल आणि नक्कल एकच दिसली. बिनोदिनीला त्यांनी आशीर्वाद दिला. ज्या धंद्याला भद्रलोक तोंडदेखलं नाक मुरडत, त्या धंद्याच्या डोक्यावर त्या रात्री हात ठेवला गेला. गिरीशबाबूंनी पुढे नाटक सोडायची भाषा केली तेव्हाही त्यांनी सोडू दिलं नाही, त्यात लोकांचं हित आहे म्हणाले.

चैतन्य महाप्रभूंच्या बाबतीत अस्सल आणि नक्कल एक दिसली, हे मला समजतं. भक्ताचं सोंग घेता घेता भक्ती अंगात येत असेल. पण मॅकबेथचं काय? तिथेही अस्सल-नक्कल एकच म्हटलं, तर त्या भूगोलाच्या शिक्षिकेने रोज एक पातक करायचं आणि आम्ही तिकीट काढून बघायचं, असा अर्थ होतो.

आणि गंमत म्हणजे हा प्रश्न स्वतः गिरीशबाबूंपुढे उभा होता. आपल्याकडे हॅम्लेट मराठीत आणला तो देवाधर्माची चिकित्सा करणाऱ्या आगरकरांनी, १८८३ च्या ‘विकारविलसित’मध्ये. इथे मॅकबेथ बंगालीत आणला तो परमहंसांच्या सगळ्यात बेफाम भक्ताने. २८ जानेवारी १८९३ ला मिनर्व्हा थिएटरचा पडदा पहिल्यांदा वर गेला तो याच नाटकाने. भाषांतर गिरीशबाबूंचं, मॅकबेथ तेच. लेडी मॅकबेथ तिनकडी दासी. अर्धेन्दुशेखर मुस्तफींनी चेटकीण, द्वारपाल, मारेकरी, वैद्य अशा कितीतरी भूमिका एकट्याने केल्या. जाणकारांनी वाहवा केली, प्रेक्षक मात्र फिरकले नाहीत. लोकांना नाचगाणी हवी होती. काही प्रयोगांनंतर नाटक उतरवावं लागलं.

त्या मॅकबेथला उभं राहायच्या आधी या माणसाच्या आयुष्यात काय होऊन गेलं होतं बघा. गिरीशबाबू दारू प्यायचे, देवाला शिव्या द्यायचे, आणि परमहंसांपुढे मात्र मोडून पडायचे. गुरूंनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ देवाची आठवण कर. हे गप्प. तेवढंही जमेल असा शब्द देता येईना. बरं, जेवताना, झोपताना तरी? तेही नाही. मग गुरू म्हणाले, ठीक आहे, तुझं वकीलपत्र मला दे. आता तुझ्या वतीने सगळं मी. गिरीशबाबूंना वाटलं, सुटलो. पण पुढे एकदा साध्या कशाबद्दल तरी ते ‘मी करीन’ म्हणून गेले, तर परमहंसांनी लगेच टोकलं: ‘मी’ कसं म्हणतोस? वकीलपत्र दिलंस ना? पुढे म्हातारपणी गिरीशबाबू सांगत, की जपतपाला कधीतरी शेवट असतो, या वकीलपत्राला नाही. प्रत्येक श्वास त्याच्या जोरावर घेतला की या हलकट ‘मी’च्या, हे दर पावलाला तपासावं लागतं.

आता नाटकातली जागा. खून करून आलेला मॅकबेथ बायकोला सगळ्यात कळवळून काय सांगतो? रक्ताचं नाही, पकडलं जाण्याचं नाही. शेजारच्या खोलीत दोघं झोपेतून दचकून उठले, देवाचं नाव घेतलं, आणि मला त्यांच्यामागून ‘आमेन’ म्हणता आलं नाही. शब्द घशात अडकला. तो हे पुन्हा पुन्हा विचारत राहतो: का नाही म्हणता आलं? मलाच तर सगळ्यात जास्त गरज होती.

ज्या माणसाला दिवसातून दोनदा देवाचं नाव घेईन एवढा शब्द गुरूला देता आला नव्हता, त्याने या जागेचं भाषांतर केलं आणि मग तोंडाला रंग लावून ती जागा उभी केली. गुरू जाऊन तेव्हा साडेसहा वर्षं झाली होती. मिनर्व्हातल्या त्या रात्री मी हजर असते तर बाकी नाटक विसरले असते, एवढी एक जागा बघितली असती.

परमहंस एका विणकराची गोष्ट सांगत. रामभक्त, जे होईल ते रामाच्या इच्छेने म्हणणारा. दरोडेखोरांनी त्याच्या डोक्यावर लुटीचं गाठोडं दिलं, पोलिसांनी त्यालाच धरलं. न्यायाधीशासमोर तो म्हणाला, रामाच्या इच्छेने दरोडेखोर आले, रामाच्या इच्छेने गाठोडं डोक्यावर आलं, रामाच्या इच्छेने पकडलो गेलो. त्याला सोडून दिलं. गोष्ट गोड आहे, पण तिने माझा प्रश्न सुटत नाही. विणकराने दरोडा घातलाच नव्हता. हेच शब्द दरोडेखोर बोलला असता तर? गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, हे सगळे माझ्याकडून आधीच मारले गेलेत, तू फक्त निमित्त हो. चेटकिणीही मॅकबेथला पुढचं आधीच सांगतात. मग फरक कुठे आहे? चेटकिणी ‘मार’ असं एकदाही म्हणत नाहीत. आणि एक क्षण असा येतो की मॅकबेथ स्वतःच म्हणतो, नशिबाला मला राजा करायचंच असेल तर मी बोटही न हलवता करू दे. तिथे तो थांबला असता तर ते त्याचं वकीलपत्र ठरलं असतं. तो थांबत नाही. हात त्याचा, कट्यार त्याची. आणि पुढे तो हे कृत्य कुठे ठेवू, कुणावर टाकू, करत फिरतो: रात्रीवर, भविष्यावर, बायकोवर. मारेकरी पाठवतो ते स्वतःचा हात दिसू नये म्हणून. मारवलेल्या मित्राच्या, बँकोच्या, भुताला उद्देशून पहिलं वाक्य काय, तर हे मी केलंय असं तू म्हणू शकत नाहीस.

म्हणजे मॅकबेथ हा करून सवरून ‘मी नाही’ म्हणणारा माणूस आहे. आणि नट हा काहीही न करता ‘मी’ म्हणून पुढे येतो. इथे मला माझ्या आनंदाचा धागा सापडतो असं वाटतं. ती मुलगी, जिच्या हातून कुणाचं वाईट झालेलं नाही, दोन तास हजार माणसांसमोर सांगते की हे रक्त माझ्या हाताला लागलं आहे. जे घ्यायला खुनी तयार नाही, ते ती अंगावर घेते. वकीलपत्राला दोन बाजू असतात, एक देणारा आणि एक घेणारा. परमहंसांना घशाचा कर्करोग झाला, १६ ऑगस्ट १८८६ ला काशीपूरच्या बागेत ते गेले. भक्तांची श्रद्धा होती, खुद्द गिरीशबाबूंची तर फारच, की आमची पापं घेतली म्हणून त्यांच्या देहाला हे भोगावं लागलं. कुणाला हे पटेल, कुणाला पटणार नाही. पण ज्याला पटलं होतं त्या शिष्याने पुढे मॅकबेथ केला. ज्याचं वकीलपत्र कुणीतरी घेतलं होतं, त्याने एका खुन्याचं वकीलपत्र घेतलं. बचाव करायला नव्हे. नाटकात मॅकबेथचा बचाव कुठेच नाही. त्याला एकटं न सोडायला. दारावर थाप पडते तेव्हा मला दार उघडू नये असं वाटतं ते याचसाठी असेल, की त्या क्षणी त्याच्या बाजूने उभं राहायला आत फक्त नट आहे आणि बाहेर आम्ही.

इथे मला लहानपणापासून कानावर असलेली ज्ञानेश्वरी जराशी आड येते. माऊली बहुरूप्याचा दाखला देतात: तो राजाराणीचं सोंग आणतो, मनात ना स्त्रीभाव ना पुरुषभाव, पण लोकांसमोर सोंग चोख वठवतो. ज्ञानी माणसाने जगात असं वागावं. ज्ञान्यासाठी हे सोळा आणे खरं आहे. नटाबद्दल मात्र मला तेवढं पुरेसं वाटत नाही. आतून कोरडा राहिलेला मॅकबेथ मी पाहिला आहे, चोख होता, आणि मध्यंतरात घरी निघून जावंसं वाटलं होतं. अळता दोन दिवस जात नाही तोच प्रयोग खरा.

उत्पल दत्तांना यातलं काही मान्य झालं नसतं. ते पक्के मार्क्सवादी. त्यांनी पन्नासच्या दशकात बंगाली मॅकबेथ खेडोपाडी नेला, आणि १९७५ मध्ये आणीबाणीत पुन्हा उभा केला. मी तेव्हा नवखी, बंगाली जेमतेम कळायचं. पण राजाचा राजवाडा हळूहळू हेरांनी आणि भीतीने भरत जातो तसतसा प्रेक्षागृहातला श्वास आखडत गेला, ते समजायला भाषा लागली नाही. त्यांच्या लेखी मॅकबेथचं कृत्य देवाचं नाही आणि एकट्या जिवाचंही नाही, ते सत्तेचं आहे, आणि ते ओळखायचं असतं, अंगावर घ्यायचं नसतं. मी त्यांच्याशी मनातल्या मनात खूप वाद घातला आहे. तरी याच उत्पलबाबूंनी गिरीश घोषांवर प्रेमाने, जीव ओतून लिहिलं. भक्त आणि नास्तिक दोघांनाही हेच नाटक लागलं, यात मला फार आधार वाटतो.

पण एका जागी माझ्या या विचाराला ठेच लागते, आणि ती जागा स्टार थिएटर आहे. १८८३ मध्ये ते बांधायला गुरमुख राय नावाच्या तरुण मारवाडी व्यापाऱ्याने पैसा दिला, बिनोदिनी आपली व्हावी या अटीवर. नाट्यगृह व्हावं म्हणून तिने स्वतःला दिलं. बदल्यात तिच्या नावाने थिएटर होईल असं सोबत्यांनी कबूल केलं होतं. नोंदणी झाली ती ‘स्टार’ नावाने. वेश्येच्या नावाच्या थिएटरात कोण येणार, ही धास्ती. हे सगळं तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, गिरीशबाबूंना गुरू मानून लिहिलं आहे, आणि दुखावल्याचं लपवलेलं नाही. तिने १८८७ च्या सुमारास, पुरती पंचविशीचीही नसताना, रंगभूमी सोडली. मॅकबेथच्या वेळी ती नव्हती, तिनकडी होती, तीही त्याच वस्तीतून आलेली. या बायकांनी घेतलेले डाग समाजाने खरे धरले. पुरुष नट तोंड धुऊन घरी जात होते.

मग विचारायला हवं: ज्याने मॅकबेथचं अंगावर घेतलं त्या गिरीशबाबूंनी हे घेतलं का? शब्द मोडणाऱ्यांत कुणी पुढे येऊन ‘मी’ म्हणालं का? मला तरी तसं कुठे वाचायला मिळालेलं नाही. रंगमंचावर दुसऱ्याचा खून आपला म्हणता येतो, आणि रंगपटात आपण स्वतः केलेलं मात्र वळचणीला टाकता येतं. दोन्ही एकाच माणसाला जमतं. परमहंसांनी वकीलपत्र घेतलं त्यात हेही आलं होतं का, की हे गिरीशबाबूंनी स्वतःच निस्तरायचं होतं? बागबाजारात रस्त्याच्या मधोमध त्यांचं घर अजून उभं आहे, दोन्ही बाजूंनी गाड्या जातात. तिथून जाताना मी हे त्यांना विचारते, अगदी आदराने, पण विचारते.

बिनोदिनीने ज्यासाठी स्वतःला दिलं ती बीडन स्ट्रीटची इमारत केव्हाच पाडली गेली. आजचं स्टार हातीबागानचं, १८८८ चं. त्याला तिचं नाव देण्याचं २०२४ च्या डिसेंबरअखेर जाहीर झालं. पाटीवर नाव आलं म्हणून बौदी, त्यांची भाची आणि मी मुद्दाम बघायला गेलो. भाची पुन्हा लेडी मॅकबेथ करणार आहे, या वेळी मोठ्या नाट्यगृहात. दिग्दर्शक म्हणतोय, आता बाजारातलं धुऊन जाणारं रक्त आणू. ती अळत्यावर अडून बसली आहे.